चावडीवर न वाचलेली यादी

2017 च्या कर्जमाफीत महाराष्ट्राच्या गावोगावी चावडी वाचन झालं. दीड लाखापर्यंतच्या थकबाकीसाठी शेतकऱ्यांनी अर्ज भरले होते. त्याआधी सेवा केंद्राच्या दारात नवरा-बायकोनं मिळून रांग धरली होती, यंत्रावर अंगठे उमटत नाहीत म्हणून बोटं लुगड्याला पुसून परत टेकवली होती. मग नावं मोठ्यानं वाचली गेली. कुणाचं कर्ज कोणत्या बँकेत, कोण बसतो, कोण बसत नाही, हे सगळं शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या आणि भाऊबंदांच्या समोर. सोयरिकीची बोलणी चाललेल्या घरालाही त्यातून सुटका नव्हती. शासनाचं म्हणणं असं की पैसा जनतेचा आहे, तेव्हा तो कुणाला जातो हे जनतेला कळलं पाहिजे, हरकत असेल त्यानं तिथंच घ्यावी. म्हणणं रास्त आहे. या पुस्तिकेचा सगळा डोलारा त्याच एका म्हणण्यावर उभा आहे. फक्त ते वरपर्यंत, आमदारांपर्यंत लावून पाहिलं आहे.

मराठवाड्यातल्या ढोकी गावच्या माणसाला आपलं नाव यादीत शोधण्याची आता सवयच झाली आहे. अतिवृष्टीचं अनुदान आलं की तलाठी कार्यालयाच्या भिंतीवर (तलाठ्याला हल्ली ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गाव अजून तलाठीच म्हणतं) बारीक अक्षरातली छापील पानं चिकटतात. अनुक्रमांक, व्हीके नंबर (विशिष्ट क्रमांक), खातेदाराचं नाव, गट नंबर, बाधित क्षेत्र, रक्कम. बोट वरून खाली सरकत जातं, आपल्या नावावर थांबतं आणि मग थोडं पुढं जाऊन बांधाशेजारच्याच्या नावावरही थांबतं. जिरायतीला हेक्टरी 8,500 चा दर असेल तर दोघांच्या रकमेत फरक का, तलाठी पंचनाम्याला आला तेव्हा त्यानं कुणाच्या शेतात पाय ठेवला आणि कुणाच्या नाही, याची चर्चा तिथंच सुरू होते. पीएम किसानचे वर्षाचे 6,000 कुणाला मिळतात याची गाववार यादी संकेतस्थळावर निघते. रोजगार हमीच्या मजुराचं नाव, जॉबकार्ड, त्यानं भरलेले दिवस आणि त्याला मिळालेली मजुरी हे तर वर्षानुवर्षे जगातल्या कुणालाही घरबसल्या दिसत आलं. ज्या बाईनं शेततळ्यावर आठवडाभर माती उपसली तिची कमाई रुपया-पैशापर्यंत उघडी असते, आणि तिला त्याचं काही वाटतही नाही.

या योजनांच्या शासन निर्णयांत आणखी एक ओळ ठरलेली असते. अपात्र कोण, त्याची यादी. पीएम किसान घ्या, 2017 ची कर्जमाफी घ्या, नाहीतर 2024 ची लाडकी बहीण घ्या. आजी-माजी आमदार आणि खासदार त्यात अपात्र म्हणून बसलेलेच असतात. योग्यच आहे. पण त्याचा दुसरा अर्थ असा की या मंडळींना सरकारकडून बरं मिळतं, 6,000 ची त्यांना गरज नाही, हे सरकारला पक्कं ठाऊक आहे. किती बरं मिळतं, तेवढं मात्र कोणत्याच भिंतीवर चिकटत नाही.

तर, किती मिळतं?

राज्यघटनेच्या 195 व्या अनुच्छेदानं आमदारांचं वेतन ठरवायचा अधिकार त्या त्या विधिमंडळाला दिला आहे. म्हणजे घेणारे आणि ठरवणारे एकच. जगातल्या बऱ्याच संसदांत असंच आहे, त्यामुळे यात चोरीचं काही नाही. पण ज्याच्या हाती ताट त्याच्याच हाती पळी असली की पंगतीनं डोळे उघडे ठेवायचे असतात. महाराष्ट्रात यासाठी 1956 चा वेतन व भत्ते कायदा आहे आणि त्यात पुढं वेळोवेळी दुरुस्त्या होत गेल्या. सर्वांत मोठं वळण आलं ऑगस्ट 2016 मध्ये. पावसाळी अधिवेशनात विधेयक आलं, दोन्ही सभागृहांत चर्चा न होता मंजूर झालं आणि रक्कम दुपटीच्या घरात गेली. मराठवाडा तेव्हा ओळीनं आलेल्या दुष्काळातून नुकता डोकं वर काढत होता, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं त्याला चार महिनेही झाले नव्हते. त्यामुळे लोकांना राग आला तो वाढीच्या आकड्याचा. माझ्या मते आकड्यापेक्षा मोठी गोष्ट त्या विधेयकात दुसरी होती, आणि तिच्याकडं फारसं कुणाचं लक्ष गेलं नाही. आमदारांचं मूळ वेतन प्रधान सचिवाच्या मूळ वेतनाशी आणि त्यावरच्या महागाई भत्त्याशी बांधलं गेलं. मंत्र्यांचं मुख्य सचिवाशी.

याचा परिणाम काय? पूर्वी पगार वाढवायचा तर विधेयक आणावं लागे. विधेयक आलं की वर्तमानपत्रात बातमी, चार अग्रलेख, एखाद्या सभासदाचा सभात्याग, निदान दोन दिवस बोभाटा. आता वेतन आयोग बसला किंवा महागाई भत्ता चढला की आमदारांचं वेतन आपोआप चढतं. सातव्या आयोगानंतर मूळ वेतन 1,82,200 रुपये. भत्ता 28 टक्के होता तेव्हा त्यावर 51,016. दूरध्वनीचे 8,000, टपाल-लेखनसामग्रीचे 10,000, संगणकचालकाचे 10,000. बेरीज 2,61,216. तोच भत्ता 50 टक्क्यांना पोचला की मूळ वेतनावरची भर 91,100 होते आणि बेरीज तीन लाखांच्या वर जाते. मधल्या काळात सभागृहात एक शब्दही बोलावा लागत नाही. विधानसभेचे 288 आणि परिषदेचे 78, सगळ्यांना हीच रीत. करोनाच्या वर्षी, एप्रिल 2020 मध्ये, याच वेतनात वर्षभरासाठी 30 टक्के कपात झाली होती. ती मात्र ठळक अक्षरात जाहीर झाली. कपात जाहीर करायला संकोच वाटत नाही, ही माणसाची रीत आहे, आमदारांची काही वेगळी नाही.

या बेरजेच्या बाहेरही रकमा आहेत. अधिवेशनाच्या आणि समितीच्या बैठकीचा दैनिक भत्ता. स्वीय सहायकाचा पगार आणि वाहनचालकाचा पगार, जे 2022 मध्ये अनुक्रमे 30,000 आणि 20,000 झाले. रेल्वेचा आणि एसटीचा प्रवास. मुंबईत मनोरा आमदार निवास पाडायचं ठरल्यावर तिथल्या सदस्यांना घरभाड्यापोटी महिना लाख रुपये देण्याची सोय. निवृत्तिवेतन: 2016 पासून महिना 50,000, आणि पहिल्या पाच वर्षांनंतरच्या प्रत्येक वर्षामागे 2,000 जादा, पश्चात कुटुंबालाही. 1 नोव्हेंबर 2005 नंतर सेवेत आलेले शिक्षक आणि कारकून मार्च 2023 मध्ये जुन्या पेन्शनसाठी संपावर होते, तेव्हा त्यांच्या फलकांवर आमदारांच्या पेन्शनचा उल्लेख हटकून असे, तो यामुळे. या सगळ्या सवलतींत जनतेला उघड वाचता येईल अशी जागा मला एकच माहीत आहे. एसटीत चढलात की पुढच्या एका बाकाच्या वर आमदार-खासदारांसाठी राखीव असं रंगवलेलं असतं. सांगोल्याचे गणपतराव देशमुख, अकरा वेळा निवडून आलेले, एसटीनं फिरत. त्या अक्षरांचं सार्थक करणारे त्यांच्यासारखे थोडेच.

इथं एक गैरसमज बाजूला काढला पाहिजे, कारण पुस्तिकेचं काम लोकांना चिथावण्याचं नाही. पानटपरीवर कुणीतरी छातीठोकपणे सांगतो, ‘आमदाराला वर्षाला पाच कोटी मिळतात.’ ते आमदाराला मिळत नाहीत. ती आमदार स्थानिक विकास कार्यक्रमाची मर्यादा आहे. 2022 मध्ये ती पाच कोटी झाली. आमदार काम सुचवतो, मंजुरी आणि पैसा जिल्हाधिकाऱ्यांकडून सुटतो, बिल ठेकेदाराला जातं. त्यात कुणाची टक्केवारी असते की नसते हा वेगळा आणि गंभीर विषय. पण ते वेतन नव्हे. गंमत अशी की जो पैसा आमदाराचा नाही, त्यावर त्याचं नाव सर्वांत मोठं. सभामंडपावर, हायमास्ट दिव्याच्या खांबावर, बसथांब्याच्या पत्र्यावर ‘यांच्या निधीतून’. जो पैसा खरोखर त्याच्या खात्यावर पडतो, तो कुठंच रंगवलेला नाही. ही अदलाबदल झाली नसती तर टपरीवरची निम्मी भांडणं मिटली असती.

वेतनच नको, असं म्हणणाऱ्यांशी हा प्रस्तावनाकार सहमत नाही. इंग्लंडातल्या चार्टिस्ट कामगारांनी 1838 च्या सनदेत ज्या सहा मागण्या केल्या त्यांत संसद सदस्याला वेतन ही एक होती. कारण वेतन नसलं की संसदेत जमीनदारच बसणार. ती मान्य व्हायला 1911 उजाडलं. आपल्याकडं काँग्रेसनं 1931 च्या कराची अधिवेशनात ठराव केला की सरकारी सेवकाला महिना 500 च्या वर वेतन नसावं, आणि 1937 मध्ये बाळासाहेब खेरांच्या मुंबई मंत्रिमंडळासह काँग्रेसचे मंत्री खरोखरच 500 वर आले. घरभाडं आणि मोटारभत्ता वेगळा होता, हेही तेव्हा लपवलेलं नव्हतं. आज ती रक्कम वाचून गहिवरून येण्याचं कारण नाही. पाचशेचं मोल तेव्हा बरंच होतं. ध्यानात ठेवायचं ते हे की मतदाराला तो आकडा तोंडपाठ होता. पुढाऱ्यानं तो स्वतः सभेत सांगितलेला असे.

आमदाराच्या बाजूचंही ऐकू. सकाळी सातला त्याच्या ओसरीवर चाळीस माणसं असतात आणि सगळ्यांना चहा लागतो. कुणाला पुण्याच्या दवाखान्यात खाट हवी, कुणाला मुख्यमंत्री सहायता निधीचं पत्र, कुणाच्या ट्रान्सफॉर्मरचं ऑइल गेलेलं. लग्नसराईत दिवसाला दहा लग्नं, आणि आहेर न करता निघालेला आमदार पुढच्या वेळी त्या गावात शिरू शकत नाही. गणेश मंडळ, जयंती, सप्ताह, कुस्त्यांचा फड, प्रत्येकाची पावती. मयतीला गेलं नाही तर ते पाच वर्षं लक्षात राहतं. तीन लाख यात कुठल्या कुठं जातात, असं आमदार म्हणतात, आणि जवळून पाहिलेल्या कुणालाही ते खोटं वाटणार नाही. पण मग पुढचा प्रश्न आपसूक येतो. वेतनात भागत नाही, तर वरचं कुठून येतं? अधिकृत रकमा उघड नसल्या की हा प्रश्न नीट मांडताच येत नाही. सगळंच गुलदस्त्यात असलं की सरळ आणि वाकडा एकाच मापानं मोजला जातो. जाहीर हिशेबानं सर्वांत जास्त भलं कुणाचं होणार असेल तर ते नेटक्या आमदाराचं. आपण त्याच्याकडून आहेराची अपेक्षा करतो हेही त्याच हिशेबात उघडं पडेल, म्हणून मतदारालाही तो फार सोयीचा नाही.

कायदा काय म्हणतो? माहितीच्या अधिकारात हा देश मागं नाही, आणि त्यातही महाराष्ट्र पुढं. अण्णा हजारे यांच्या आंदोलनांमुळे केंद्राचा 2005 चा कायदा येण्याआधीच इथं राज्याचा कायदा होता. केंद्राच्या कायद्याचं चौथं कलम सांगतं की कुणी मागितलं नाही तरी काही माहिती आपणहून प्रसिद्ध करायची. त्यात प्रत्येक ‘अधिकारी व कर्मचारी’ यांचं मासिक वेतन आहे. ग्रामपंचायतीच्या लिपिकाचा पगार त्यात येतो, पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या शिपायाचा येतो. आमदार अधिकारीही नाही आणि कर्मचारीही नाही. प्राप्तिकराच्या हिशेबातसुद्धा त्याचं वेतन ‘पगार’ या सदरात न धरता ‘इतर उत्पन्न’ या सदरात धरतात, कारण त्याला मालक नाही. तो मोकळा आहे हे लोकशाहीला हवंच. पण त्या मोकळेपणाचा आडफायदा असा की आपणहून प्रसिद्ध करायच्या कलमाच्या फटीतून तो निसटतो. त्याच कलमात अनुदानाच्या लाभार्थ्यांची नावं आणि रकमा प्रसिद्ध करायलाही सांगितलं आहे. म्हणजे लिपिक सापडला, लाभार्थी सापडला, मधला सुटला.

निवडणुकीच्या वेळचं शपथपत्र आहे की, असं कुणी म्हणेल. सर्वोच्च न्यायालयाच्या 2002 आणि 2003 च्या निकालांमुळे नमुना 26 आला आणि त्यात पुढं भर पडत गेली: पाच वर्षांच्या विवरणपत्रांतलं उत्पन्न, सरकारी थकबाकी, उत्पन्नाचे मार्ग, शासनाशी असलेले करार. मोलाची गोष्ट आहे, जरूर वाचावी. मात्र ती उमेदवाराची आहे, आणि पाच वर्षांतून एकदाची. निवडून आल्यावर सरकारनं त्याला कोणत्या सदराखाली किती दिलं याचा तपशील तिच्यात नसतो. देणाऱ्याची वही आणि घेणाऱ्याचं शपथपत्र या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही उघड्या असल्या तरच एकीनं दुसरी पडताळता येते.

इंग्लंडात ही वही उघडली ती फार नाइलाजानं. पत्रकार हेदर ब्रूक यांनी खासदारांच्या खर्चाची बिलं माहिती कायद्याखाली मागितली, संसद न्यायालयात गेली आणि 2008 मध्ये हरली. मग काळ्या शाईनं नको ते झाकून कागद द्यायची तयारी चालली असतानाच 2009 च्या मे महिन्यात सगळी बिलं ‘डेली टेलिग्राफ’च्या हाती लागली. वाड्याभोवतीचा खंदक साफ केल्याचा खर्च, तळ्यातल्या बदकांसाठी तरंगतं घर (हे बिल मंजूर झालं नव्हतं, पण लोकांच्या लक्षात राहिलं तेच). सभापती मायकेल मार्टिन यांना पद सोडावं लागलं, काही खासदार तुरुंगात गेले. त्याच वर्षी कायदा करून वेतन-खर्चासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमलं गेलं. आज तिथल्या खासदारानं काढलेलं रेल्वेचं तिकीटसुद्धा नावानिशी संकेतस्थळावर दिसतं. पहिली काही वर्षं खासदार करवादले, मग अंगवळणी पडलं. मला यात महत्त्वाचं वाटतं ते एवढंच की बदकांच्या घराची बातमी आता तिथं होत नाही. असलं बिल टाकायला आधीच सहसा कुणी धजत नाही.

ढोकीच्या वाचकाला मात्र वेतन-भत्त्यांच्या पलीकडचा एक प्रश्न पडेलच, आणि तो पडावा. या गावाची ओळख तेरणा साखर कारखान्यानं झाली. सभासदांच्या भागभांडवलाशेजारी शासनाचं भागभांडवल, शासनाची थकहमी, जिल्हा मध्यवर्ती बँकेचं कर्ज. सहकारी साखर कारखाने महाराष्ट्रात असेच उभे राहिले आणि त्यांच्या खुर्च्यांवरून आमदार घडले. पुढं तेरणाचं धुराडं थंडावलं, कर्जापोटी कारखाना बँकेच्या ताब्यात गेला, कित्येक गळीत हंगाम कोरडे गेल्यावर तो भाडेतत्त्वावर चालवायला दिला गेला. ज्याचा ऊस फडात वाळला आणि ज्या कामगाराचा पगार अडकला, त्याला आमदाराचा दूरध्वनी भत्ता 8,000 की 10,000 यात रस कशाला असेल? तो म्हणेल, आमदार ज्या संस्थेच्या अध्यक्षपदी बसतो तिला सरकारनं दिलेला पैसा आणि हमी आधी दाखवा. त्याचं म्हणणं तोडता येत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं 9अ कलम शासनाशी माल पुरवठ्याचा किंवा बांधकामाचा करार असलेल्याला अपात्र ठरवतं, पण संस्थेला मिळालेली थकहमी त्या चौकटीत बसत नाही. या पुस्तिकेनं तो विषय उचललेला नाही. संपादकांनी मुद्दाम सोपं टोक आधी धरलं आहे: जी रक्कम कायद्यानं, नावानिशी, दरमहा थेट व्यक्तीला जाते ती. जी रक्कम सांगायला काहीच अडचण नसावी ती सांगतानाच किती आढेवेढे घेतले जातात, हे एकदा पाहिलं की संस्थांच्या हिशेबाला हात घालताना तयारी किती लागेल याचा अंदाज येतो.

अडचण नवीनही आली आहे. माहिती अधिकाराच्या आठव्या कलमात खासगी माहिती नाकारण्याची तरतूद होती, पण तिला वेसण होती: सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, उगाच कुणाच्या खासगीपणात डोकावणं होत असेल तरच नकार. शिवाय जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती नागरिकालाही नाकारायची नाही, असं परंतुक होतं. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं हे सगळं काढून तिथं फक्त ‘वैयक्तिक माहिती’ एवढंच ठेवलं. सार्वजनिक हित मोठं असेल तर माहिती देता येते हे आठव्या कलमाचं दुसरं पोटकलम शाबूत आहे, आणि अर्जात त्याचा उल्लेख आवर्जून करायचा. विधिमंडळानं कायदा करून ठरवलेलं आणि राज्याच्या तिजोरीतून दिलेलं वेतन कुणाची खासगी बाब आहे असं म्हणणं अवघड आहे, पण म्हणून पाहणारे निघतील.

अर्जाचा नमुना शेवटच्या पानांवर आहे. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे तो एकाच विषयाचा आणि 150 शब्दांच्या आत हवा, म्हणून वेतन, प्रवास आणि निवृत्तिवेतन यांचे तीन वेगळे अर्ज केले आहेत. एकात कोंबले तर परत येतील. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावायचा, विधानमंडळ सचिवालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावानं स्पीड पोस्टानं पाठवायचा आणि पावती जपायची. आमदार कोणत्या पक्षाचा हे अर्जात लिहू नये, त्याची गरजही नाही. तीस दिवसांत उत्तर यायला हवं. ‘माहिती संकेतस्थळावर उपलब्ध आहे’ एवढंच उत्तर आलं तर कोणत्या पानावर ते विचारावं. उत्तर आलंच नाही तर पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील करावं, त्यात विषय बदलू नये, शब्द वाढवू नयेत. आणि उत्तर नीट आलं, आकडे भरलेले आले, तर त्याची एक प्रत आमदारांच्या कार्यालयालाही पाठवावी, म्हणजे एखादा आकडा चुकला असेल तर ते स्वतः दुरुस्त करून कळवतील.